तिसरी ओढ

थोरल्याने पाठ वळवली, आमिषाची रबरी मासळी मुठीत झाकून घेतली आणि बोटीमागच्या फेसात सोडून दिली. दोरा सरसर धावला. शंभरेक हात गेल्यावर त्याने रीळ अडवलं, दांडी खाचेत रोवली आणि खुर्चीत बसला. उजवा हात थरथरत होता. त्यावर त्याने डावा ठेवला.

"आता तासभर तोंड बंद," तो म्हणाला.

"मी कुठे बोललो?" धाकटा भाऊ म्हणाला.

"मग हे काय, मुकं राहणं?"

बोटीवर तासातासाने पाळी बदलायची. ज्याची पाळी, त्याची दांडी आणि त्याचाच मासा. ओढाओढीत दुसऱ्याचं बोट जरी दांडीला लागलं, तरी तो मासा कोणाच्याच नावावर धरत नसत. थोरल्याने त्यात स्वतःची भर घातली होती: त्याच्या पाळीत शेजारच्याने बोलायचं नाही. चाळीस वर्षांत धाकट्याने हा नियम कुठे कुठे मोडला, ते त्याला तारखेसकट पाठ होतं.

आज सातवा दिवस, म्हणजे शेवटचा. रात्रभर बोट किनाऱ्याकडे चालायची आणि सकाळी धक्का. समुद्र तेल ओतल्यासारखा पडून होता. ना पक्ष्यांचा थवा, ना पाण्यावर उडी. बाकीची तिघं हौशी मंडळी सावलीत पत्ते कुटत होती. कप्तान अजून दुर्बीण डोळ्याला लावत होता, पण जेवणानंतर बडीशेप खावी तशी.

निघताना वहिनीने धाकट्याला दाराआड घेतलं होतं. "भावजी, एक तरी मासा ह्यांच्या हाताने वर येऊ द्या. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून नुसते भिंतीकडे बघत बसतात." धाकट्याने लगेच शब्द दिला होता; जणू समुद्रातले सगळे ट्यूना त्याच्या ओळखीतले.

तसे दोन लागले होते, एक तिसऱ्या दिवशी, एक पाचव्या. दोन्ही वेळा रीळ किंचाळलं, दांडी वाकली आणि थोरला सावरून बसायच्या आत दोरा सैल.

"ट्यूना एकदा गळ गिळला की सहसा सुटत नाही," कप्तान टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला होता. "तुमचं काही कळत नाही बुवा."

"हा शिंकला," थोरल्याने धाकट्याकडे बोट दाखवलं होतं.

आता थोरला लघवीला उठला. "नुसतं बघ. हात लावू नकोस," असं बजावून तो खाली गेला. तेवढ्यात वरून कप्तान ओरडला, "दोरा आत घ्या! बोट वळवतोय, गुंतेल."

धाकट्याने भराभर दोरा गुंडाळला. मासळी हातात आली. तिच्या पोटाखाली जिथे गळ असतो, तिथे बोटाच्या पेराएवढी तार उरली होती. पकडीने तोडलेली. तोडलेल्या टोकावर तांबूस गंज चांगला मुरला होता. काम आजचं नव्हतं.

पक्कड पहिल्या दिवसापासून थोरल्याच्या खिशात होती. धाकट्याने ती तीनदा मागितली होती. तिन्ही वेळा उत्तर एकच: "तू हरवशील."

शिडीवर पाय वाजले. बोट वळून सरळ झाली होती. धाकट्याने पाठ वळवली, मासळी मुठीत झाकली आणि पाण्यात सोडून दिली.

"हात का लावलास?"

"कप्तान बोट वळवत होता. शेवाळ अडकलं होतं, तेही काढलं."

थोरला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "आणखी काही?"

"समुद्रात आणखी काय असणार, दादा?"

थोरला बसला. उजव्या हातावर डावा आला. धाकट्याला खोकला आला, तो त्याने गिळला.

अर्ध्या तासाने रीळ किंचाळलं. पत्ते टाकून तिघं उठले, कप्तान धावत आला. दांडी वाकली, क्षणभर तशीच राहिली आणि ताठ झाली. दोरा पाण्यावर आळसटून पसरला.

"तिसरा!" कप्तानाने कपाळावर हात मारला. "अहो, झालं तरी काय?"

थोरल्याने या वेळी बोट उचललं नाही. तो पाण्याकडे बघत होता.

"माझंच चुकलं," धाकटा म्हणाला. "मी मध्येच बोललो."

अर्धा तास त्याने ब्रही काढला नव्हता.

कप्तान मान हलवत गेला. पत्ते पुन्हा पिसले जाऊ लागले. बऱ्याच वेळाने थोरल्याने खिशात हात घातला. पक्कड काढून, धाकट्याकडे न बघता, त्याने ती दोघांच्या मध्ये ठेवली.

"घे. मागत होतास ना," तो म्हणाला. "हरवू नकोस."