ग्यांत्सेला न गेलेला होल्डॉल

मी एक जुना होल्डॉल आहे, म्हणजे प्रवासात अंथरूण-पांघरूण गुंडाळून न्यायची कापडी पिशवी. माझ्या उशीच्या कप्प्यात एक पत्र दोन वर्षं पडून होतं. त्याला उत्तर गेलंच नव्हतं. ते आठवलं की अजून माझा जळफळाट होतो.

मित्रांनो, आम्ही दोघे भाऊ. घाटकोपरच्या एका कारागिराने एकाच खाकी ताग्यातून आम्हाला बेतलं. भावाला विद्याधरांनी घेतलं आणि मला त्यांचे मित्र श्यामसुंदर यांनी. विद्याधर टपालखात्यात. १९५१ साली त्यांची बदली तिबेटात ग्यांत्से नावाच्या जुन्या गावी झाली; तिथे भारताचं टपालघर आहे.

"तूही चल रे, महिनाभर राहा," ते म्हणाले.

परवाना आला, रजा मिळाली. श्यामसुंदरांच्या बायकोने, नीलाबाईंनी, माझ्यात रजई, कानटोपी भरली. निघायच्या आदल्या संध्याकाळी श्यामसुंदरांची पाठ धरली. भावाची गाडी सुटल्यावर त्यांनी मला भरलेला उचलून माळ्यावर टाकला, तेव्हा मात्र पाठ ठीक होती.

मग ते पत्र आलं. नीलाबाईंनी मोठ्याने वाचलं. कड्यावर किल्ला, खाली पांढरा स्तूप, त्यावर रंगवलेले डोळे. "तुझ्या होल्डॉलचा भाऊ खेचरावर बसून खिंड ओलांडून आला. पट्टा तुटला, तर इथल्या म्हातारीने याकच्या केसांची दोरी लावून दिली. दुपारी एक लामा त्यावर डोकं टेकून झोपतो."

लामा. माझ्यावर पाल झोपायची.

शेवटी लिहिलं होतं, "मुलुंडचं काहीतरी कळव. इथे मराठी बोलायला भिंतच आहे."

श्यामसुंदरांनी पत्र माझ्या कप्प्यात खुपसलं. त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मला चेहरा असता तर तो तसाच दिसला असता.

परवा नीलाबाईंनी मला गॅलरीत उन्हाला घातलं आणि पत्र हाती लागलं.

"अहो, साधं कार्डही टाकलं नाहीत?"

"तो तिबेटात, मी मुलुंडात. लिहू काय, कपाळ?"

"तेच लिहा. भावजी हसतील तरी."

ते माझ्याशेजारी बसून लिहू लागले. शब्द पुटपुटत लिहायची त्यांची सवय. "विद्या, पाठ दुखत नव्हती. थंडीची धास्ती घेतली, मग तुझा हेवा वाटला. समोरच्या चिंचेला यंदा खूप चिंचा आल्यात. तू परतशील तेव्हा सीमेअलीकडे कालिम्पाँगपर्यंत घ्यायला येतो. होल्डॉल घेऊन."

माझ्या पट्ट्यांना आता तेल लागलं आहे. हेवा गेलेला नाही. ती याकच्या केसांची दोरी मला बघायचीच आहे. मित्रांनो, वस्तू जपा, पण जपतो म्हणून माळ्यावर टाकू नका. माणसांचंही बहुधा तसंच असावं.

गॅलरीतून समोरची लाल टपालपेटी दिसते. श्यामसुंदर तिच्यापाशी बराच वेळ उभे राहिले. दोनदा हात आत घातला आणि पत्रासकट बाहेर काढला. तिसऱ्यांदा हात रिकामा बाहेर आला.