संडासातला देनारियस

सम्राटाचा चेहरा असलेलं नाणं संडासात नेणं हा राजद्रोह, असं ठरल्यापासून आम्ही रोमकर आत जाण्याआधी पैसे दाराशी बसणाऱ्या चणेवालीकडे ठेवतो. मीही ठेवले होते. पण एक देनारियस, चांदीचं नाणं, कमरपट्ट्याच्या शिवणीत अडकून राहिला आणि मी सगळ्यांच्या रांगेत भोकांच्या दगडी बाकावर बसतोय तोच खणकन फरशीवर पडला. पडला तोही चेहरा वर करून.

बाकावरच्या गप्पा थांबल्या. समोर विबिडियस बसला होता. लोकांना राजद्रोहात अडकवायचं आणि त्यांच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा गिळायचा, हा त्या मेल्याचा धंदा.

"कुणाचं रे हे?"

तो उठला, नाणं उचललं आणि एकेकाच्या तोंडासमोर नाचवू लागला. "काय, सगळ्यांचीच दातखीळ बसली?"

माझ्या शेजारी आमच्या गल्लीतला न्हावी पम्फिलस होता. इतका भिडस्त, की वस्तरा लावतानाही परवानगी मागायचा. त्यानं एकवार माझ्या कमरपट्ट्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "विबिडियसराव, आता तर ते तुमच्याच हातात आहे. आम्ही सगळे बघतोय."

विबिडियस पांढराफटक पडला. नाणं धरवेना आणि टाकवेना, खाली गटार वाहत होतं.

संध्याकाळी शिपाई त्याला घेऊन गेले. तक्रार पम्फिलसनंच केली होती. मी घरी येऊन ढसाढसा रडलो, मग त्याच्याकडे मद्याचा बुधला पोचवला.

"वेडा आहेस का? शेजारी कशासाठी असतात?" तो म्हणाला.

पुढे विबिडियसच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा पम्फिलसला मिळाला. त्यानं वस्तरे विकून टाकले. हल्ली तो दिवसभर त्या बाकावर बसून असतो, सगळ्यांशी गोड बोलतो, आणि त्याच्या आजूबाजूला कुणी बसत नाही.

काल मी बसलो होतो, तर तो उठून माझ्याशेजारी आला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ट्रेबियस, तेलाचं दुकान जोरात चाललंय म्हणे तुझं."

"चाललंय आपलं कसंबसं."

"ते नाणं मुळात कुणाचं होतं, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही बघ."

"दुकान तुझंच आहे की, भाऊ," मी म्हणालो.