भरून आलेला डबा

मधुसूदनला नाताळाच्या जुन्या रेकॉर्डींचं वेड होतं आणि त्याच्या बायकोला, रजनीला, त्या वेडाची किळस. रविवार उजाडला की स्वारी स्टीलचा डबा घेऊन यवतमाळातून निघायची ती थेट खेड्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घराच्या उंबऱ्यावर. डब्यात पेढे, जिभेवर साखर. डबा द्यायचा, रेकॉर्ड उचलायची. ते डबेही रजनीच्या लग्नातले, झाकणावर तिचं नाव कोरलेले! त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, वेचणीची मजुरी आटली होती, आणि हा गृहस्थ जेवताना खुशाल म्हणे, "यंदा सीझन चांगला आहे. लोक काहीही देऊन टाकतात." रजनी आपलं ताट बाजूला सारायची.

बरं, आणलेली रेकॉर्ड ऐकावी, तर तेही नाही. एकदा वाजवायची, मग सुईनं झिजते म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात कोंडायची. कोणतं गाणं कुठून आलं यावर मात्र हा तासन् तास बोलणार. दारव्ह्याहून आणलेल्या रेकॉर्डवर तर नागपुरात त्याचं भाषण ठरलं होतं. गाणं येशूच्या जन्माचं, शब्द कुणा पाद्र्याचे, चाल मात्र आपल्या भुलाबाईच्या गाण्याची. रजनीनं लहानपणी भुलाबाई मांडून मैत्रिणींबरोबर टिपऱ्या वाजवत तीच चाल म्हटली होती.

"आणि गातंय कोण?" तिनं विचारलं.

"असेल कुणीतरी. गायक अज्ञात."

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी एक म्हातारी दारात आली. दारव्ह्याच्या मैनाबाई. खरेदी केंद्रासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागल्यानं एसटी अडकली, म्हणून उन्हात चालत आल्या होत्या. त्यांनी पदराखालून डबा काढला. झाकणावर रजनीचं नाव.

"बाई, तुमचा डबा. रिकामा कसा देऊ? करंज्या हायेत. ऐकून झाली असन, आता आमची रेकॉर्ड द्या. उद्या नाताळ, चर्चच्या पाळकसाहेबाकडं मशीन हाये."

नाव कोरलेला डबा भरून परत करायचा असतो, हे म्हातारीला कळत होतं. मधुसूदनला तो मोबदला वाटला होता. रजनीनं करंज्या ताटलीत काढल्या, तशी त्यानं आधी एक उचलली.

"बाई, डबा दिला, रेकॉर्ड घेतली. व्यवहार संपला."

"साहेब, त्याच्यात याहीचा आवाज हाये. आमच्या घरधन्याचा, भगवानरावाचा. ते गेले, आता मले तेवढाच उरला."

मधुसूदनचे डोळे चमकले. मिशीला सारण लागलेलं तसंच. "अरे वा! म्हणजे गायकाचं नाव मिळालं. आता तर ही मुळीच देता येणार नाही."

रजनीला शिसारी आली. याच माणसाच्या ताटात आपण रोज गरम पोळी वाढतो, याचीसुद्धा. ती उठली, कपाट उघडलं, प्लॅस्टिक टराटरा फाडलं आणि रेकॉर्ड मशीनवर ठेवली.

"अगं, सुई घासेल!"

"बसा खाली," ती म्हणाली. तो बसला.

खरखर झाली आणि एका तरुण पुरुषाचा मोकळा आवाज खोलीत शिरला. मैनाबाईंनी चटकन डोक्यावर पदर घेतला आणि नवरा घरात आल्यासारख्या त्या उठून उभ्या राहिल्या. गाणं संपेस्तोवर बसल्या नाहीत.

रजनीनं रेकॉर्ड आपल्या मऊ ओढणीत गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवली. मग नवऱ्यासमोरची करंज्यांची ताटली उचलून घेतली.