एक बेल म्हणजे सगळं ठीक

आमचा फोन फुकट झाला आणि त्या दिवसापासून माझं ताईशी बोलणंच बंद पडलं.

हसू नका. आमच्या चिरंजिवांना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या मते त्यांनी माझ्यावर उपकार केलेत, आणि मीच मेली जुन्या वळणाची.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. लग्न करून ती तिकडे गेली, मी इकडे आले, मध्ये अख्खा समुद्र. तेव्हा परदेशी फोन म्हणजे जिवावरचं काम. "कशी आहेस गं" म्हणण्यात निम्मे पैसे जायचे आणि "बरी आहे" ऐकण्यात उरलेले. मग ताईनंच शक्कल काढली. फोन लावायचा, पण समोरचीनं उचलायचा नाही. उचललाच नाही तर कंपनी बिल कशाचं लावणार? एक बेल देऊन ठेवला, तर सगळं ठीक. दोन दिल्या, तर पार्सल पोचलं. तीन, तर तू मला फोन कर, बोलायचंय. आणि बेल थांबलीच नाही, वाजतच राहिली, तर कोणीतरी गेलं. तेवढीच बेल उचलायची असते. ती मी एकदाच दिली, हे गेले तेव्हा.

बाकी दर रविवारी एक बेल तिची, एक माझी. भाच्यानं तिला नंबर दिसणारा फोन आणून दिलाय, तोही चुकून माझा फोन उचलला जाऊ नये म्हणून. मोबाइल ती वापरत नाही. भाचा दुसऱ्या गावात राहतो, ही एकटी, आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तो फोन.

तर आमचे चिरंजीव. टायरच्या कंपनीत हिशेबनीस आहेत, त्यामुळे घरातही सगळीकडे तक्ते. महिनाभर तीन-चार कंपन्यांचे दर ताडून पाहिले आणि एक दिवस नवा डबा आणून भिंतीला लावला. घरचा फोन, ब्रॉडबँड, परदेशी कॉल, सगळं एका पॅकेजात. आधीच्या बिलापेक्षा कमी.

"आई, परदेशातल्या लँडलाइनला फुकट. आता मावशीशी तासन् तास बोल," म्हणाला. चेहरा असा, की जणू समुद्रावर पूल बांधून आलाय.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? कारण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझी ऑपरेशनची तारीख दिली होती. हृदयाची झडप खराब झालीये, बदलायची. डॉक्टर म्हणाले, "काही नाही हो, आमचं रोजचं काम." मुलगा म्हणाला, "काही नाही गं." सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला कळणारसुद्धा नाही." छाती माझी फाडणार, आणि मलाच कळणार नाही! मी मान डोलवली आणि शिवणाच्या मशीनवर जाऊन बसले. लोकांच्या पँटी लांड्या करून देते मी, हात कधी चुकत नाही. त्या दिवशी एकाच पँटचा एक पाय दोनदा कापला. मला भीती वाटत होती. मुलाला सांगावी तर तो माझ्याहून घाबरट. ताईला सांगायची होती. तिचा आवाज ऐकायचा होता, बस.

फोन लावला. एक बेल. दोन. उचल गं, उचल. तिसरी झाली आणि मी घाईघाईनं ठेवून दिला, पुढे गेले असते तर बाईनं हाय खाल्ली असती. पुन्हा लावला, पुन्हा तेच. फुकट फोन हातात, आणि पलीकडची बाई पैसे वाचवायला समोर उभी राहून बेल मोजतेय!

मुलाला म्हटलं, भाच्याला मेसेज कर, आमचा फोन आता फुकट आहे, मला ताईशी बोलायचंय, तिला उचलायला सांग म्हणून. ऑपरेशनचं लिहू नको, असल्या गोष्टी मेसेजवर सांगायच्या नसतात. दोन दिवसांनी भाच्याचं उत्तर आलं: "आई म्हणते बेल पोचली. फुकट फोन काही नसतो, उचलणार नाही. वेळ मिळाला की मीच करते."

आणि केला की तिनं. मी मशीनवरून उठून टेबलापर्यंत पोचते तोवर दुसऱ्याच बेलला त्या नव्या डब्यानं फोन स्वतःच उचलला, आणि आतून कोणीतरी बया गोड आवाजात सांगायला लागली, की आपला निरोप ठेवा. पलीकडे धाडकन फोन आपटला. पाठोपाठ भाच्याचा मेसेज: "आई चिडलीये. विचारते, फोनवर कोण बाई बसवलीये? फुकट पैसे गेले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ही बया तुला कोणी सांगितली होती आणायला?" मी मुलाला विचारलं.

"आई, ती पॅकेजमध्ये फ्री आहे."

"तुझं फ्री घाल चुलीत! काढ तिला."

तो म्हणाला, हेल्पलाइनला फोन कर, मला ऑफिसात मीटिंग आहे. केला. आधी वाजंत्री ऐकवली. मग एक मुलगी आली, अगदी साखरेत घोळलेली.

"मॅडम, अकाउंटचा पासवर्ड?"

"अगं, पासवर्ड मुलाकडे आहे. मला फक्त ती निरोपवाली बाई बंद करून हवीय."

"मॅडम, अकाउंट मुलाच्या नावावर आहे. त्यांनाच फोन करावा लागेल. तोवर तुम्हाला इंटरनेटचा स्पीड वाढवून देऊ का? पहिले तीन महिने सवलत आहे."

"बाई गं, मला परवा दवाखान्यात भरती व्हायचंय. मी तो स्पीड घेऊन कुठे पळू?"

ती मग म्हणाली, "काळजी घ्या, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?" मी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी मुलानं स्वतः फोन केला. पासवर्ड त्यालाही आठवेना. तो नवा मिळवण्यात तासभर गेला, आणि शेवटी कळलं, की विनंती नोंदवलीये, चार-पाच कामाच्या दिवसांत होऊन जाईल. म्हणजे माझं ऑपरेशन आधी, बया नंतर.

"मग वाजू दे ना सरळ!" तोही वैतागला. "उचलेपर्यंत वाजू दे. उचलल्यावर कळेलच तिला, की कोणी गेलं नाहीये."

"आणि तोवर तिच्या जिवाचं काय होईल? सत्तरी ओलांडलीये तिनं."

"मग भाच्याला खरं सांग."

"ते मेसेजवर नाही सांगायचं."

"आई, तुम्हा दोघी बहिणींपुढे मी हात टेकले," म्हणाला आणि खोलीत निघून गेला. खरं सांगायचं तर मीही टेकले होते.

बुधवारी सकाळी सूनबाई माझी बॅग भरत होती. टॉवेल, चपला, गोळ्यांचा डबा. "चष्मा वर ठेवते हं आई, उठल्यावर लगेच लागेल," म्हणाली. उठल्यावर. मी फोन उचलला आणि ताईचा नंबर लावला.

तीन बेल झाल्या. मी ठेवला नाही. पाच झाल्या. मनात म्हटलं, माफ कर गं ताई, पण मी आता ठेवत नाही. मग मोजायचं सोडून दिलं.

फोन उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास. मग आवाज, "कोण गं? कोण गेलं?"

"कोणी नाही, ताई. कोणी नाही गेलं. मी बोलतेय."

"मेले, मग एवढी वाजवतेस कशाला? माझा जीव गेला असता!" आणि ती रडायला लागली. मीही. रडता रडता मी तिला सगळं सांगितलं. झडप, ऑपरेशन, उद्या सकाळी.

तिचं रडणं एकदम थांबलं. मला वाटलं लाइन तुटली.

"ताई?"

"माझी बदलली," ती म्हणाली. "गेल्या वर्षी. तीच झडप."

मला कळेचना. "गेल्या वर्षी? अगं, तू दर रविवारी एक बेल देत होतीस!"

"पहिल्या दोन रविवारी नर्सला द्यायला सांगितली. नंबर लिहून दिला होता."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तीन बेल दिल्या असत्या तर तू लगेच फोन केला असतास. मग रडत बसली असतीस. केवढ्याला पडलं असतं, ठके!"

मला तिचा भयंकर राग आला. माझी बहीण तिकडे छाती शिवून पडली होती, आणि मी इथे तिची बेल ऐकून निवांत पँटी कापत होते. आणि मीही भाच्याला काय कळवलं होतं? काहीच नाही. डोळे पुसायला जवळ दुसरं काही नव्हतं, सूनबाईनं घडी घातलेला टॉवेलच ओढून घेतला.

"खूप दुखतं का गं?" मी विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "फार दुखतं. शुद्धीवर येशील तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही, तेव्हा घाबरू नकोस. खोकला आला की वाटेल छाती उसवली. उसवत नाही. उशी घट्ट छातीशी धरायची आणि खोकायचं. मग रोज थोडं कमी होतं."

इतक्या दिवसांत "हो, दुखतं" असं मला कोणीच सांगितलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

"अजून सांग," मी म्हटलं.

"ओट्यापाशी उभी आहे गं कधीची. थांब, खुर्ची घेते," ताई म्हणाली, आणि तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.