वीस जोडण्यांचा कारभार

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. शेलूबाजारच्या एका खासगी धान्य यार्डात नऊ वर्षांपासून घोंघावतो आहे. कोणाचा माल किती, टोकन कितवे, सारे माझ्या पोटात. आलो तेव्हा मला हळदकुंकू लागले, दसऱ्याला हार मिळाला. पुढे मिळाल्या त्या शिव्याच.

मला काही विचारायचे तर आधी जोडणी लागते. अशा शंभर जोडण्या मी पेलतो. पण इथली माणसे एसटीत बाहेरूनच रुमाल टाकून जागा धरणारी! टोकन देणारा राजपाल सकाळीच स्क्रीनवर पंधरा खिडक्या उघडून ठेवी. "गर्दीत जागा भेटत नाही, भाऊ. धरून ठेवलेली बरी!" सगळ्यांनी तेच केले. दहा वाजता माझ्या शंभर जोडण्या भरत. काम करणाऱ्या चार, बाकी नुसत्या बसलेल्या.

व्यवस्थापक दौलतसिंगांनी मर्यादा पाचशे केली. प्रत्येक जोडणी माझी थोडी मेमरी खाते. ऐन सोयाबीनच्या हंगामात मी दोनदा आडवा झालो. "आता पडला, त भंगारात द्या," त्यांनी फर्मावले.

तेव्हा केनवडची इंजिनिअर स्नेहा सरसावली. तिने माझ्या दाराशी एक छोटा प्रोग्राम बसवला आणि वीसच जोडण्या ठेवल्या. काम असेल त्याने एक घ्यायची, काम होताच परत द्यायची; नसेल शिल्लक, तर क्षणभर थांबायचे.

दौलतसिंग तडकले. "पाचशेत भागलं नाही, अन् तू वीसवर आणून राह्यली?"

"सर, आपले वजनकाटे किती?"

"दोन."

"अन् ट्रॅक्टर?"

"दोनशे तरी."

"मंग काट्यावर ट्रॅक्टर उभा करून कोनी जेवाले जाते काय?"

राजपाल कुरकुरला, "माह्या पंधरा खिडक्या?"

"ठेव ना पन्नास! बसून राहनाऱ्याले जोडणी भेटत नाही, एवढंच."

मी आडवा झालो तेव्हा दोनदा टोकनाविना परतलेल्या शेतकरी भागिरथाबाई रांगेत पुढे होत्या. "काहून रे, उठला का तुमचा डब्बा?"

राजपालने बटन दाबले. मी सारे बळ एकवटले. टोकन निघाले, जोडणी परत आली, पुढचा माणूस आला. संध्याकाळपर्यंत अडीचशे टोकन झाले. एका वेळी सतराच्या वर जोडण्या लागल्याच नाहीत. मी पडलो नाही, आणि पडणारही नाही.

मित्रांनो, थकलेले यंत्र भंगारात टाकण्याआधी एवढे करा: त्याच्यावर नुसते कोण कोण बसून आहे, ते एकदा मोजा.