गळाचं घुंगरू

ते साल २००२. चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी हेमराजच्या फोटोच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा पडदा पुन्हा पांढराफटक पडला होता. गल्ल्यावर बसलेल्या गोकुळाला नवऱ्याच्या खाली गेलेल्या मानेवरूनच ते कळलं.

"हेमराजभाऊ, माहा फोटो काढा ना! घोटची गाडी सुटून राह्यली," अंजनाबाई दारातून ओरडली.

"बाई, एक छापून राह्यला. तो होतवर दुसऱ्याचं नावच घेत नाई हे."

"माही सून बरी मंग! चुलीवर भात ठेवते अन् आंगणबी झाडते."

बाई निघून गेली. तिच्या मागोमाग आणखी चार गिऱ्हाइकं गेली.

नावं नोंदवायचा प्रोग्राम हेमराजनं स्वतः लिहिला होता. तो छपाईच्या प्रोग्रामला हाक मारी आणि त्याचं काम संपेपर्यंत हात बांधून उभा राही. दुकान बंद करताना हेमराज म्हणाला, "दिवाळीनंतर नागपूरले जाऊ. तिथी नोकरी पाहातो."

गोकुळाला चामोर्शी सोडायची नव्हती. तलावाकाठी तिचा बाप इस्तारी एकटाच राहत होता.

दुसऱ्या दिवशी बापाचा डबा घेऊन ती निघाली, तर हेमराजही सोबत आला. इस्तारीनं काठावर बांबू रोवून गळ टाकले होते आणि स्वतः पाण्याकडे पाठ करून जाळं शिवत बसला होता.

"मामाजी, मासा लागला तं कसा समजन?"

तेवढ्यात बांबूच्या शेंड्याला बांधलेलं घुंगरू छणछणलं. म्हातारा उठला.

गोकुळा हसली. "अवो, तुमचा प्रोग्राम काऊन काठावर उभा राह्यते? त्याले मनाव गळ टाक, अन् दुसरं काम कर."

हेमराज डबा न खाताच दुकानात गेला.

पुढच्या बाजारात पडदा एकदाही अडला नाही. छपाई आपली चालू, इकडे नवी नावं चढतायत. कोणाचा फोटो बाहेर पडला याचा मात्र पत्ता नाही. गर्दीच्या घाईत हेमराज चेहरा न बघताच हाताला येईल तो फोटो पुढच्या नावाच्या पाकिटात घालत गेला.

आठवड्यानं, लग्नासाठी फोटो काढून नेलेला पोचू तणतणत आला. "हेमराजभाऊ, पोरीवाल्याईले माहा फोटो दाखवाले गेलो, तं पाकिटातून अंजनाबाई निघाल्या!"

अंजनाबाई तिथंच होती. "काऊन रे पोचू, मी का दिसाले वाईट?"

दुकानभर हशा पिकला. हेमराजचा चेहरा तेवढा उतरला. गोकुळा हळूच म्हणाली, "गळ टाकले तुमी. घुंगरू बांधाचं राह्यलं."

मग टेपरेकॉर्डर घेऊन दोघं तलावावर गेली आणि घुंगराचा आवाज भरून आणला. एक छपाई संपली की कॉम्प्युटरमध्ये इस्तारीचं घुंगरू वाजू लागलं आणि पडद्यावर त्या गिऱ्हाइकाचं नाव येऊ लागलं. दिवाळी झाली, पण नागपूरचं नाव कोणी काढलं नाही.

पोचूचं लग्न पोंभुर्ण्याच्या मुलीशी झालं. अंजनाबाई सुनेच्या हातचा भात खात पुष्कळ जगली. हेमराजनं पुढे तीन कॉम्प्युटर बदलले, पण तो आवाज बदलला नाही. इस्तारी मात्र दोन वर्षांतच गेला.

त्यानंतर दुकानात घुंगरू वाजलं की गोकुळा आधी दाराबाहेर तलावाच्या दिशेला बघायची, मग पडद्यावरचं नाव वाचायची.