जाईबाईचं पाणी उकळणारा स्टोव्ह

मित्रांनो, हसू नका. फळीवर धूळ खात बसलेला, एक पाय वाकडा झालेला हा जुना पितळी स्टोव्ह म्हणजे मी. आता माझी टाकी काळवंडली आहे आणि पंपाचा वॉशर वाळून गेला आहे. पण बलभीमने मला लोहारा गावच्या बाजारातून घरी आणलं, तेव्हा मी असा चकाकत होतो की शेजारच्या बायका माझ्यात तोंड बघून जायच्या.

स्वभावाने मी तापट. पिन मारली नाही तर रुसायचो, पंप जास्त मारला तर भडकायचो. बलभीमची बायको जाईबाई मला "आमचा जावई" म्हणायची. "जरा मान कमी पडला की फुगला," म्हणून हसायची, आणि मग चिंच लावून मला लख्ख घासायची. मला ती फार आवडायची.

मला आणलं होतं तेही तिच्यासाठीच. तिला यकृताचा आजार होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की शरीराची राखण करणारी ताकदच चुकून हिच्या यकृतावर उठली आहे. पांढऱ्या गोळ्या रोज घ्यायच्या, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि पाणी उकळूनच प्यायचं. वरून साथीची कावीळ झाली, तर तिचं दुखावलेलं यकृत ती सोसणार नाही. बलभीम सोसायटीच्या गोदामावर राखणदार होता. सरपण मिळेनासं झालं, तेव्हा त्याने रॉकेलवर चालणारा मी विकत घेतला. रोज सकाळी आधी तिचं पाणी, मग सगळ्यांचा चहा.

त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. जाईबाईला जड काम मना होतं, पण एका पगारावर घर भागेना. उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन ती कामावर जाऊ लागली.

एका संध्याकाळी ती उजळलेल्या चेहऱ्याने घरी आली. "आज माझी बाटली संपली व्हती. मथुरावैनींनी पाणी दिलं," ती म्हणाली. "हातात तांब्या दिला."

बलभीमचा पंपावरचा हात थांबला. मित्रांनो, तुम्हाला यात काय विशेष, असं वाटेल. या घराने बुद्धाचा धम्म स्वीकारून बरीच वर्षं झाली होती. तरी गावातल्या बायका शिवाशिव पाळून या वस्तीतल्या माणसांना पाणी द्यायच्या ते वरून, ओंजळीत. मथुराबाई शेतकरी घरातली सून. दुष्काळाने तिलाही मातीची पाटी उचलायला लावली होती. शेजारी काम करता करता दोघींचं गूळपीठ जमलं आणि त्या दिवशी तिने आपला भरलेला तांब्या जाईबाईच्या हातात ठेवला.

"अगं, पर तुला कच्चं पाणी चालत न्हाय," बलभीम म्हणाला.

"ठावं हाय. पर त्या तांब्याला न्हाय कसं म्हणू?"

मला तिच्यावर रागावताच येईना.

महिन्याभराने तिचे डोळे पिवळे झाले. बलभीमने तिला एसटीने सोलापूरला नेलं आणि दवाखान्याच्या आवारात पेज शिजवायला मला पोत्यात घालून बरोबर घेतलं. डॉक्टरांनी त्याला विचारलं, कामावर आणखी कुणाला कावीळ झाली का? बऱ्याच जणांना झाली होती, पण ते बरे होत होते. जाईबाई मात्र ग्लानीत पडून होती. माझ्यावर पेज शिजायची आणि तशीच गार व्हायची. बलभीम माझ्याजवळ उकिडवा बसून राहायचा, जेवायचाही नाही. त्या दिवसांत मी एकदाही भडकलो नाही.

ती वाचली. डॉक्टरांनी तिच्या गोळ्या नीट बघून चालू ठेवल्या आणि हळूहळू पिवळेपणा उतरला. घरी आल्यावर मथुराबाई भेटायला आली. वस्तीतल्या घराचा उंबरा ती पहिल्यांदाच ओलांडत होती. पदराखाली तिने काविळीवरची मंतरलेली माळ आणली होती.

"जाई, ही घाल आन् त्या गोळ्या बंद कर. काविळीत दवाखान्याचं औषध उलटतंय."

माझा जीव टांगणीला लागला. एवढ्या मायेने आलेल्या बाईला जाईबाई एकदा नाही म्हणू शकली नव्हती. तिने माळ घेतली आणि गळ्यात घातली.

"माळ घालते, वैनी. पर गोळी न्हाय सोडायची. सोडली तर म्या ऱ्हात न्हाय. आन् पाणी आता उकळूनच. कामावरच्या पाण्यानंच झालं हे."

मथुराबाईचा चेहरा उतरला. "म्हंजी म्या दिल्यालं?"

जाईबाईने तिचा हात आपल्या हातात घेतला. "पाण्यानं झालं, वैनी. हातानं न्हाय."

मथुराबाई पदर डोळ्यांना लावून बसून राहिली. मग उठून तिने मला पेटवायला घेतलं. पंप तिला जमेना, मी तिच्यावर दोनदा भडकलो, जाईबाई अंथरुणातून हसली. पाणी उकळून निवलं, तेव्हा दोघी त्या घरातल्या एकाच भांड्याने प्यायल्या. पुढे मथुराबाई स्वतःच्या घरीही पाणी उकळू लागली.

मित्रांनो, ज्यांचं यकृत आधीच दुखावलेलं आहे, अशी माणसं तुमच्याही आसपास असतील. त्यांच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद पडू देऊ नका. त्यांना पाणी उकळून द्या. आणि ते द्यायला त्यांच्या घरात जा, दारातून परत फिरू नका.